टायटॅनियमगडी पेशींचे ठाणे बसले त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माहे मार्गशीर्ष, मुक्काम नॉटिंगहॅम. टायटॅनियमच्या तबकडीवर हाडाच्या पेशींचे ठाणे कैसे बसले, त्याचा मजकूर येणेप्रमाणे. अधिकउणे लिहिले गेले असल्यास थोरांनी सांभाळून घ्यावे.

मूळ कारण विलायतेतील रीडिंग शहरी. तेथे मातुश्री प्रमोदिनीबाईसाहेबांच्या दाढेच्या जागी वैद्याने टायटॅनियमचा खिळा बसवून वर कृत्रिम दाढ चढविली. परंतु हाडाने त्यास आपला म्हटले नाही, आणि सहा महिन्यांत, केळे खाताना, खिळा दाढेसुद्धा हातात आला. तेव्हांपासून बाईसाहेबांचे शेंगदाण्याचे लाडू बंद जाहले. मग कन्या चिरंजीव मंजिरीबाई, पीएचडीचे तिसरे साल, यांनी मनी धरिले की धातू आणि हाड यांची सोयरीक जुळविल्याविना उसंत घेणे नाही.

मसलत ऐसी, की शर्टाच्या बटणाएवढी तबकडी हा गड. कोऱ्या धातूवर पेशी टिकत नाही, म्हणोन अगोदर फायब्रोनेक्टिन नामे प्रथिनाचा पातळ थर द्यावा. तो धातूस बिलगून बसतो आणि येणाऱ्या पेशीस हात देतो. पेशीने दारी यावे, हात धरावा, पाय पसरावे, घर करावे. परंतु पाच स्वाऱ्या जाहल्या आणि पाचही फसल्या. सूक्ष्मदर्शकातून पाहावे तो गड ओस, आणि कोठे एखादी पेशी अंग चोरून बसलेली, अनोळखी लग्नात आलेल्या पाहुणीसारखी.

प्रयोगशाळेच्या अधिपती डॉक्टर सारा लेव्ही. यांचे आजोबा मुंबईचे मराठी यहुदी, आणि यांची स्वतःची मराठी स्वयंपाकघरापुरती. त्यांनी ईमेलद्वारे फर्मान पाठविले की, शुक्रवारच्या रिव्ह्यूपर्यंत पेशी न टिकल्यास टायटॅनियम गुंडाळावे आणि मंजिरीने सहकारी इथनच्या प्लास्टिकवरील कामावर रुजू व्हावे. फर्मान ‘काइंड रिगार्ड्‌स’ने संपले, त्यावरून प्रसंग कठीण हे समजले.

मंजिरीबाईंनी रीडिंगास फोन लाविला.

“नीट धुतेस ना गं सगळं?”

“धुते आई. थर दिला की स्पिरिटने दोनदा खळखळून धुते. प्रोटोकॉलमध्ये नाहीये, पण मला बरं वाटतं.”

“शहाणी माझी. तिसऱ्यांदा धू. इथल्या लोकांचं मला नको सांगूस, एकाच टबात भांडी बुचकळतात आणि फेसासकट वाळत ठेवतात.”

आज्ञा प्रमाण मानोन तिसरे धुणे जाहले, आणि सहावी स्वारीही बुडाली.

मग बुधवारी सातव्या स्वारीस थर देऊन तबकड्या धुणार, तोच फायर अलार्म वाजला. आग नव्हती, कवायत होती. परंतु आंग्ल रिवाज ऐसा की आग नसली तरी पळावे, आणि पळताना धावू नये. सकल फौज कार पार्कात जमून, बारीक पावसात, पाऊण तास हवेविषयी खेद करीत उभी राहिली. परत येतात तो निर्जंतुक काचपेटीवरची बाईंची वेळ संपत आलेली, आणि मागे इथन पाळीसाठी उभा. इथनने कळविले की, नो रश; म्हणजे ताबडतोब उठावे. धुणे राहिले. तशाच तबकड्यांवर पेशी सोडल्या, आणि बाईंना उष्ट्या ताटात वाढल्यासारखे जाहले.

गुरुवारी सकाळी पाहतात तो गडभर वस्ती. पेशी पाय पसरून, शेजारणीच्या हाती हात देऊन, जन्माच्या तिथल्याच असल्यासारख्या.

सारांनी विचारिले की, या खेपेस वेगळे काय केले?

“धुतलं नाही.”

“कशाने धुवायचीस?”

“स्पिरिटने.”

“प्रोटीन? स्पिरिटने? मंजिरी, तू तीन आठवडे अंडा उकडत होती.”

म्हणजे स्पिरिटाने थर अंड्यासारखा गोठे, आणि द्यावयाचे हात आखडून जात. मग हुकूम जाहला की, अर्ध्या तबकड्या धुवाव्या, अर्ध्या न धुवाव्या. शुक्रवारी मोजणी जाहली, ती दफ्तरी दाखल: धुतल्या तबकडीवर पेशी नऊ, न धुतल्या तबकडीवर चारशे बारा. रिव्ह्यूत टायटॅनियम कायम राहिले. गड फत्ते जाहला.

वर्तमान रीडिंगास गेले.

“म्हणजे माझ्यामुळेच अडलं होतं म्हण की. आता दाढ बसवून घेऊ का?”

“दहा वर्षं तरी थांब आई.”

“थांबते. लाडू कुटून खाईन.”

मग तह ठरला तो ऐसा: मातुश्रींनी बटणाएवढी जागा न धुता सोडिली, बाकी मुलखात, मंजिरीबाईंच्या चहाच्या कपांसह, तीनदा विसळण्याचा अंमल पूर्ववत चालावा. उभय पक्षी मान्य. मोर्तब.