चारशे बारा भाऊबंद

"तुमच्यातली माणसं मरायची कधी थांबणार, तेवढं एकदा सांगा!"

मोबाईल स्पीकरवर होता. त्यामुळं हे वाक्य चुलीपुढच्या सविताबाईंनी ऐकलं, ओट्यावरच्या मनकर्णाआत्यानं ऐकलं आणि गोठ्यातल्या गाईनंही कान हलवले. पलीकडून बोलत होते बन्सीपाव्हणे, म्हणजे निकिताचे होणारे सासरे. निकिताचा साखरपुडा दुसऱ्यांदा पुढं ढकलायचा, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

"आता मरान काय आमच्या हातात हाय का, पाव्हणं?" निकिताचा बाप भिमाजी म्हणाला. त्याचं डोकं आणि मिशी दोन्ही न्हाव्यानं तासाभरापूर्वी साफ केली होती. तो सारखा ओठावरून हात फिरवत होता आणि तिथं काहीच नाही म्हणून दर वेळी नव्यानं दचकत होता.

"मागल्या महिन्यात पाथर्डीची रतनबाई गेली म्हनला. आता कोन?"

"अकोल्याचं आप्पासाहेब."

"ते तुमचं कोन लागत्यात?"

भिमाजीनं पोराकडं बघितलं. गोरक्षनं बोटं मोजली. "सहाव्या पिढीला आपला आन त्यांचा म्हातारा एकच हाय."

"सहाव्या पिढीला मी आन माझा बैल बी एकच निघू!" मोबाईल थरथरला.

"सात पिढ्यांपर्यंत सुतक धरायचं असतं म्हनावं!" ओट्यावरून मनकर्णाआत्या ओरडली. ही भिमाजीची थोरली बहीण. घरात सोवळं-सुतक तिच्या खात्यात होतं आणि त्या खात्यात कुणाची लुडबुड चालत नसे.

गोरक्षचं डोकं गरम व्हायला फार वेळ लागत नाही. त्यानं मोबाईल हिसकावला. "ओ पाव्हणं, बैल कोनाला म्हनता? तिकडं यिऊन..." सविताबाईंनी पळीसकट येऊन मोबाईल त्याच्या हातातून काढला.

"ऐका विहीनबाई," बन्सीपाव्हणे म्हणाले. "तेरा तारखेला रविवार हाय. तोवर तुमचं सुतक बी फिटतंय. त्या दिवशी अंगठी घालायची. मधी परत कोनी गेलं, तर आमचा आदिनाथ दुसरीकडं बघंल. लोक आम्हाला इचारत्यात, पोरीच्या घरात काय साथ आलीय का म्हनून."

फोन बंद झाला. आतल्या खोलीच्या दारातून निकिता म्हणाली, "परत ढकललं, तर मी सोता आदिनाथच्या घरी जाऊन अंगठी घालून यीन. मग बसा सुतक मोजीत." आणि तिनं दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

हे सगळं सुरू झालं होतं गोरक्षच्या अंगठ्यापासून.

भिमाजी एकटा. ना भाऊ, ना चुलता. केडगावच्या मागं त्याचा मळा. शेजारच्या मळ्यात बांधावरून नुसता शब्दाला शब्द लागला, तरी त्यांच्या बाजूनं चाळीस माणसं गोळा व्हायची. भिमाजीच्या बाजूनं सविताबाई, त्याही कणकेच्या हातानं. ते दुःख त्याच्या मनात बोरीच्या काट्यासारखं रुतून बसलेलं. मग कुणीतरी सांगितलं, मोबाईलवर आज्या-पणज्याचं नाव टाकलं, की हरवलेली भावकी सापडते. भिमाजीला टाईप करता येत नव्हतं. गोरक्षला येत होतं. शाळा त्यानं दहावीतच सोडलेली, म्हणजे सरांशी भांडून सोडलेली, पण अंगठा मात्र कुठल्याही सरापेक्षा वेगानं चालायचा.

"पणज्याचं नाव?"

"लक्षुमन."

"त्याच्या बापाचं?"

भिमाजीनं आत्याला विचारलं, आत्यानं आठवून आठवून एक नाव सांगितलं. गोरक्षनं बटण दाबलं आणि पंधरा दिवसांत 'समस्त गुंजाळ परिवार' नावाच्या ग्रुपवर चारशे बारा माणसं निघाली. जिल्ह्याच्या या टोकाच्या पाथर्डीपासून त्या टोकाच्या अकोल्यापर्यंत. कुणी कंडक्टर, कुणी ऊसतोडीचा मुकादम, कुणी वकील. भिमाजी रोज सकाळी चहा पिता पिता चारशे बारा जणांचे गुलाबाचे फोटो बघायचा आणि डोळे पुसायचा.

"आता येऊ दे म्हनावं बांधावर," तो म्हणायचा आणि गोरक्षला ते ग्रुपवरही टाकायला लावायचा.

पण चारशे बारा माणसं म्हटल्यावर त्यातली काही म्हातारी असणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आधी रतनबाई गेली. सुतक. साखरपुडा पुढं. मग आज सकाळी अकोल्याच्या सुनीलनं ग्रुपवर फोटो टाकला: भुवयांपर्यंत फेटा, गळ्यात झेंडूचा जाड हार, नाकाशेजारी हरभऱ्याएवढा मस. फोटो आला आणि तिसऱ्या सेकंदाला गोरक्षनं बापाच्या मोबाईलवरून टाकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सगळ्यात पहिला. त्याच्यामागून दोनशे जणांनी हात जोडले. गोरक्षला आयुष्यात कुठंच पहिला नंबर मिळाला नव्हता, त्यामुळं त्याला जरा बरंच वाटलं.

कुळातला सगळ्यात थोरला माणूस गेला म्हणून भिमाजीनं न्हावी बोलावला आणि आपल्या तुळतुळीत डोक्याचा फोटोही ग्रुपवर टाकायला लावला. बन्सीपाव्हण्यांचा फोन झाल्यावर त्याखाली गोरक्षनं लिहिलं: 'आप्पासाहेबांमुळे निकिताचा साखरपुडा आता १३ तारखेला.'

"आता तिसरं कोनी गेलं, तर पोरगी घरातच म्हातारी व्हईल," सविताबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आत्यानं बराच वेळ विचार केला. मग तिनं निकाल दिला. "कानावर आलं, तर सुतक. आलंच न्हाई, तर कशाचं सुतक? आना ते मोबाईल इकडं."

घरातले चारही मोबाईल बंद झाले, फडक्यात बांधले गेले आणि बाजरीच्या कोठीत तळाशी गेले. बारा दिवस घरात कुणी मेलं नाही, कुणाचा वाढदिवस झाला नाही आणि गुलाब उगवला नाही. निकितानं तेवढ्यात दोनदा कोठीत हात घातला, पण तिला बाजरीच लागली.

तेरा तारखेला मांडव उभा राहिला. सव्वाशे माणूस जमलं. बन्सीपाव्हणे पहिल्या रांगेत बसून प्रत्येकाचं तोंड न्याहाळत होते, कुणी रडल्यासारखं दिसतंय का म्हणून. आणि अंगठ्या ताटात आल्या, तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. टोपी, धोतर, हातात काठी, खांद्यावर छोटं पोतं, असा एक म्हातारा उतरला.

"भिमाजी गुंजाळचं घर हेच ना?" तो गोरक्षला म्हणाला. "मी अकोल्याहून आलोय, दोन एसट्या बदलून. बारा दिस फोन लावतोय, लागंना. त्याला एक लई म्हत्त्वाचं सांगा..."

अकोल्याहून माणूस, फोन लागत नाही म्हणून, आणि महत्त्वाचं! त्यानं सरळ म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा, पाया पडतो. बोलू नका."

"आरं, पर मी..."

"अंगठी घालोस्तवर एक शब्द न्हाई! कोन गेलं, कसं गेलं, सगळं नंतर!"

आत्या धावत आली. निरोप कानात शिरू नये म्हणून तिनं आधीच दोन्ही कानांत पदर कोंबला होता. "ह्यांच्या तोंडात जिलबी घाल आधी!" ती ओरडली.

"जिलबी कशाची घालतीस? शुगर हाय मला!" म्हातारा खवळला.

"मग भजी खा!" गोरक्षही खवळला. दोघांची नजरानजर झाली. एवढ्या रागाचा माणूस गोरक्षला आजवर फक्त आरशात भेटला होता.

त्यानं म्हाताऱ्याला डीजेच्या स्पीकरला चिकटून बसवलं. म्हातारा बोलत होता, हातवारे करत होता, गाणं त्याच्या वरताण वाजत होतं. पण बन्सीपाव्हण्यांची नजर पडलीच. ते उठून आले. "बाबा कुठनं आलं म्हनायचं?"

"मुकं हायेत!" गोरक्ष ओरडला.

"आरारा," बन्सीपाव्हणे हळहळले आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या ताटात आणखी दोन भजी टाकली.

मांडवात टाळ्या वाजल्या. आदिनाथनं अंगठी घातली, निकितानं तर त्याचं बोट ओढूनच घातली. सविताबाईंनी पदरानं डोळे पुसले. गाणं थांबलं. आत्यानं कानांतला पदर काढला, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "आता बोला. कोन गेलं?"

बन्सीपाव्हणे ताडकन उभे राहिले. "कोन गेलं म्हंजी? आन ह्ये तर मुकं हायेत ना?"

"मी गेलो!" म्हातारा गरजला. "आप्पासाहेब गुंजाळ! पंच्याहत्तरी झाली माझी. सुनीलनं, माझ्या नातवानं, हार घातला, फोटो काढला आन ग्रुपवर टाकला. खाली ल्हिवलंय, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या. तर कोनीतरी श्रद्धांजली वाहिली, आन बाकीची मेंढरं त्याच्या मागं! माझी सोयरी टोप्या काढून दारात आली, मी दारात बसून शेंगा फोडतोय!"

मांडवात कुणी हसायचं की नाही, हे ठरेना. आधी बन्सीपाव्हण्यांनाच हसू फुटलं. मग सगळा मांडव हलायला लागला.

भिमाजी गर्दीतून पुढं आला. आप्पासाहेबांनी त्याचं डोकं बघितलं, मग ओठ बघितला. आवाज एकदम खाली आला. "तूच का रं? तुझा फोटो नातवानं दावला. माझ्यापायी पोरीचं काम अडलं म्हनून सुतक मोडायला आलो. माझ्या सख्ख्या पोरांनी मिशी काढली नसती." त्यांनी पोतं पुढं केलं. "इंद्रायणी तांदूळ हाय, घरचा. पोरीच्या लग्नाला लागंल. आन बांधावर कोन भांडतंय म्हनं तुझ्याशी? मी थांबतो चार दिस."

भिमाजी नुसता त्यांच्या पायावर डोकं घासत राहिला, आणि डोकं नवीन असल्यामुळं ते चांगलंच चमकत होतं.

"पर एक सांग," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या नाकाशेजारचा मस लाल झाला होता. "ती पयली श्रद्धांजली तुझ्या नंबरवरनं आलीय. तू ल्हिवलीस?"

"मी?" भिमाजी म्हणाला. "मला कुठं टाईप करता येतंय?"

आधी भिमाजीनं मान वळवली. मग सविताबाईंनी, मग आत्यानं, मग निकितानं अंगठी फिरवता फिरवता, आणि मग सगळ्या मांडवानं. गोरक्षच्या हातात अर्धवट खाल्लेलं ताट होतं. त्यानं ते हळूच स्पीकरवर ठेवलं, चपला बघितल्या, आणि आप्पासाहेबांच्या हातातली काठीही बघितली.

"मंडपवाल्याकडं काम हाय," तो म्हणाला. "मला आता निघायला लागंल."