छत्रीखालची खुर्ची

छत्री हिरवी होती की निळी, हे आता खात्रीने सांगता येत नाही. (बायको म्हणते, पिवळी.) पण तिच्यापायी माझी झोप उडाली होती, एवढं नक्की आठवतं. निदान आठवतं असं वाटतं.

बायकोची छोटी बेकरी होती. दुकानापुढच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडावीत, गिऱ्हाइकांनी घटकाभर टेकावं, असं तिच्या मनात आलं आणि आराखडा काढायचं मी कबूल करून बसलो. मी प्रकाशशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. कुठली सावली कुठे पडते याचा अभ्यास करता करता दोन ऋतू गेले. (उत्तर दिशेबद्दल माझी अजून खात्री पटत नव्हती.) शेवटी तिने नर्सरीवाल्याला बोलावलं.

हा तिच्या शाळेतला. आला, विटेच्या तुकड्याने जमिनीवर रेघा ओढल्या, आणि बघता बघता फरशी, कुंड्या, भिंतीवर वेल, मधोमध छत्री असा थाट उभा केला. उशांच्या खोळीसुद्धा समोरच्या शिवणकामाच्या दुकानातल्या बाईंकडून त्यानेच शिवून आणल्या. माप चुकलं म्हणून पुन्हा गेला, मग पुन्हा एकदा गेला. बिचाऱ्याला मापं जमत नव्हती. मला तेवढंच समाधान.

पण तो बायकोला ‘ठमे’ म्हणायचा, आणि ती खळखळून हसायची. माझ्या विनोदांवर ती नुसती मान हलवते. इतक्या वर्षांच्या संसारात ते हसू माझ्या वाट्याला आलं नव्हतं, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत ते भलत्याच्या कॉफीबरोबर फुकट जात होतं.

उन्हं कलली की तो छत्रीखाली येऊन बसायचा. रस्त्याकडे तोंड करून. मागे काचेआड गल्ल्यावर माझी बायको बसलेली, आणि हा तिकडे ढुंकूनही बघत नाही म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असलंच पाहिजे. मी रस्त्याच्या कडेला, मोठ्या कुंडीमागे उभा राहून पानं पुसत पाळत ठेवू लागलो. पानं लख्ख झाली. मन काही होईना.

मग मी शास्त्राला शरण गेलो. कोन मोजून छत्री हातभर सरकवली. संध्याकाळी सूर्य बरोबर त्याच्या डोळ्यांत. आता उठून जाईल, म्हटलं.

तो उठला. खुर्ची उलटी फिरवली आणि थेट दुकानाच्या काचेकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी छत्री जागेवर आणली, तरी तो तसाच. त्याची पाठ माझ्याकडे असल्यामुळे लपायचं कारण उरलं नव्हतं. मी कुंडीच्या पुढे येऊन त्याच्या पाठीकडे बघून दात विचकायचो, जीभ काढायचो. (वय सांगत नाही.) तो आपला गालातल्या गालात हसत कॉफी प्यायचा. हसणार नाही तर काय, समोर माझी बायको!

एकदा आत जाऊन मी जमेल तितक्या सहज विचारलं, “त्याच्यात एवढं काय आहे?”

“काम पुरं करतो,” केकवर क्रीम फिरवत ती म्हणाली. “आणि अहो, त्या कुंडीपाशी उभे राहू नका. गिऱ्हाइकं विचारतात, हे आजोबा कोणाचे?”

त्या दिवशी मी जेवलो नाही. (केक थोडा खाल्ला.)

पुढे नर्सरीवाल्याने शिवणकामवाल्या बाईंशी लग्न केलं. मी इतक्या मनापासून अभिनंदन केलं की तो जरा बिचकला. तरी एक शंका उरलीच. बाईंचं दुकान तर त्याच्या पाठीमागे होतं. मग तो काचेकडे तोंड करून काय बघायचा?

बऱ्याच वर्षांनी, उन्हं कलल्यावर, मी स्वतः त्या खुर्चीत बसून पाहिलं. बाहेर उजेड, आत अंधार. अशा वेळी काचेचा आरसा होतो. हे मी जन्मभर फळ्यावर शिकवलं आहे. आतलं काहीही दिसत नव्हतं. काचेत दिसत होतं समोरचं शिवणकामाचं दुकान, मशीनसकट, आणि त्याच्या अलीकडे मोठी कुंडी.

खात्री करायला बायकोला कुंडीपुढे उभं राहायला सांगितलं. का, कशाला, काही न विचारता ती फडकं घेऊन गेली. काच फारच स्वच्छ होती. माझ्या पाठीकडे बघून तिने दात विचकले, मग जीभ काढली, हुबेहूब माझ्यासारखी, आणि खळखळून हसली.