रुमालाचा एक घास

सांगलीत निघालेल्या पहिल्या जपानी हॉटेलात मी रुमाल खाल्ला. अख्खा नाही, एकच घास. आणि तोही गिळला नाही, पण ही दुसरी गोष्ट आमच्या गल्लीत कुणी ध्यानात ठेवत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे कुठल्या देशात काय खातात हे मला ठाऊक असणार, असा लोकांचा गोड समज होता. तो त्या दिवशी गेला. पण माझी बाजूही ऐका. मी तो रुमाल स्वतःच्या अकलेनं खाल्लेला नाही. जपानातल्या एका जाणकाराच्या सांगण्यावरून खाल्ला. तो जाणकार म्हणजे आमचे शेजारी, तातोबा हवालदार. गल्लीच्या तोंडी, जपानी तात्या.

तात्यांची नि तुमची कधी गाठ पडली असती, तर ते बहुतेक ओट्यावर बसून भडंग खात असते. आता सांगलीत भडंग कोण खात नाही? मूठ भरायची, तोंडात टाकायची, हात धोतराला पुसायचा, संपला विषय. तात्या भडंग काड्यांनी खात. बांबूच्या दोन काड्या त्यांनी स्वतः तासून, तेल पाजून, काळ्याभोर केल्या होत्या. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी त्या असत. पुडी उघडली की काड्या निघत. एक चुरमुरा. मग एक शेंगदाणा. मग एक लसणीची पाकळी. पुन्हा चुरमुरा. पुडी संपेस्तोवर उरलेला भडंग सादळून जाई, पण तात्यांची मान ताठ.

"मास्तर, शिस्त," ते मला सांगत. "जपानात कुणी अन्नावर तुटून पडत न्हाई. एक दाणा, एक घास. लय शिस्त."

घरात एकट्यानं केलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण तात्या लग्नाच्या पंगतीतही काड्या काढत. पंगतीचा नेम तुम्हाला माहीत आहे. शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि तात्यांच्या पानात बुंदी! एकेक कळी उचलून, उजेडात धरून, तोंडात. शंभर माणसं खरकटे हात घेऊन त्यांच्या पानाकडं बघत बसलेली. पुढची पंगत मागं उभी राहून चुळबुळतेय. एकदा नवरदेवाच्या मामानं हात जोडले, "तात्या, हातानं खावा की वो, मुहूर्तावर पोरगी सासरी जायची हाय." तात्या म्हणाले, "जाऊ द्या की. मी धरून ठेवलीया व्हय?" तेव्हापासून गल्लीत कुणाचं लग्न निघालं की तात्यांच्या पानात बुंदीऐवजी लाडू वाढायचं ठरून गेलं. लाडू ते काड्यांत धरून सफरचंदासारखा खात. त्याला वेळ कमी लागे.

तात्या मूळचे शिराळ्याजवळच्या एका खेड्यातले. पोरवयात पलटणीत गेले, ब्रह्मदेशात लढले, आणि लढाई संपल्यावर त्यांची पलटण हरलेल्या जपानात बंदोबस्ताला गेली. तिथं वर्षभर राहिले. पुढं पेन्शन घेऊन सांगलीत आले नि हळदीच्या एका वखारीवर राखणदारी धरली. फौजेत बाकीची सगळी वर्षं त्यांनी काय केलं, हे मी कधी ऐकलं नाही. ते जपानातलं एक वर्ष मात्र मी दहा-बारा वर्षं ऐकत होतो.

तिथली हॉटेलं कशी, पडदा कसा, खाली बसायचं कसं, वाटी तोंडाशी कशी न्यायची, सगळं ते साभिनय सांगत. "आन् भुरका मारायचा, मास्तर. मोठ्यांदा. आवाज न्हाई आला तर हॉटेलवाला रडतोय. जगात भुरका मारणाऱ्या जाती दोनच. येक जपानी, येक आमी शिराळ्याकडची." हे मी आठवीच्या वर्गात जसंच्या तसं शिकवलं. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या आईनं, घरात पोरगं आमटी कसं पितंय ते ऐकून, शाळेत येऊन माझी विचारपूस केली.

असा सगळा आनंद चालला असताना मिरजेच्या रशीदभाईंनी सांगली-मिरज रस्त्यावर 'हॉटेल टोकियो' काढलं.

रशीदभाई बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी, होते. बरीच बंदरं फिरले, सगळीकडचं खाणं शिकले, आणि शिकलेलं सगळं एकाच कढईत घातलं. फळ्यावर लिहिलं होतं : 'जपानी शेवया, चिनी भात, मलायी रस्सा, मटण ताट'. जपानी शेवयांना फोडणी कांदा-लसूण मसाल्याची. चिनी भातात कोथिंबीर. "गिऱ्हाईक सांगलीचं हाय," ते म्हणत, "त्याला नुसतं उकडलेलं दिलं तर ते विचारंल, घरात कोण आजारी हाय?"

त्यांच्या कानावर जपानी तात्या गेले. रशीदभाई सायकल मारत आमच्या गल्लीत आले. "तात्या, तुमी येऊन जेवा. तुमी चार लोकांत म्हणला, ह्ये असली जपानी हाय, की माझं हॉटेल चाललं. पैसे घेणार न्हाई."

कुणालाही वाटेल, तात्या काड्या परजत निघतील. तात्या म्हणाले, "येतो की. जरा पोट बरं न्हाई."

पुढच्या आठवड्यात वखारीत माल उतरायचा होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात, "नागपंचमी तोंडावर आलीया मास्तर, शिराळ्याला जायाला लागतंय." तेव्हा उन्हाळा होता. नागपंचमीला किमान दोन महिने होते. एखाद्या शहाण्या माणसानं ओळखलं असतं की कुठंतरी पाणी मुरतंय. मी म्हटलं, बिचारे भिडस्त आहेत, फुकट जेवायला लाजतात. मला तशी लाज नव्हती. मी रशीदभाईंना परस्पर निरोप दिला की रविवारी दुपारी आम्ही दोघं येतो. आणि रविवारी तात्यांना सायकलवर डबलसीट घालून जवळजवळ पळवूनच नेलं.

वाटेत ते एकदा फक्त म्हणाले, "मास्तर, न्हाई पटलं तर काय सांगायचं त्यास्नी?"

"तुमच्याइतकं कुणाला कळतंय, तात्या?" मी पायडल मारत म्हणालो.

हॉटेलच्या दाराला निळा पडदा होता. मी डोकं घालून आत शिरलो, बाकावर बसलो, फळा वाचला, मग लक्षात आलं, तात्या नाहीत. बाहेर येऊन बघतो तर पडद्यासमोर सावधान उभे. टाचा जुळवलेल्या, नजर समोर.

"अहो, चला की."

"बोलवू द्या."

मला वाटलं, ही तिकडची रीत असणार. रशीदभाईंना हाक मारली. त्यांनी हात पुसत येऊन पडदा बाजूला धरला, "या तात्या, आत या." तात्यांनी कमरेत लवून नमस्कार केला, चपला काढल्या नि मग आत पाऊल टाकलं. आतली सात-आठ गिऱ्हाइकं जेवायची थांबून बघत होती. रशीदभाईंनी जाहिरात बरीच केलेली दिसत होती.

आम्ही बसलो. आणि रशीदभाईंनी स्वतः दोन बश्या आणून ठेवल्या. प्रत्येकीत एक पांढरी शुभ्र गुंडाळी. सुरळीच्या वडीसारखी, पण जरा जाड. वर वाफ.

मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी गुंडाळीकडं बघितलं. डोळे बारीक केले.

"हे काय असतं, तात्या?"

तात्यांनी घसा साफ केला. सगळं हॉटेल ऐकत होतं. "वडी हाय," ते म्हणाले. "पैली वडी. सुरवातीला येती."

"नुसतीच खायची?"

"चटणी लावायची."

मी टेबलावरची चटणी लावली. चांगली दाबून लावली. आणि घास घेतला.

टर्किशचा रुमाल उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, गुंडाळून दिला की तो दिसायला लुसलुशीत दिसतो. दातांना तो तसा लागत नाही. मी ओढला, तर गुंडाळी उलगडून हनुवटीखाली लोंबू लागली. गरम पाणी, त्यात शेंगदाण्याची चटणी, असा एक ओघळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. एक गिऱ्हाईक हसून हसून शेवटी उचकी लागून बाहेर गेलं.

रशीदभाई धावत आले. "आवं मास्तर! हात पुसायचा रुमाल हाय त्यो! जपानात बसल्याबरुबर देत्यात." मग ते वळले. "तात्या, तुमी तर वर्षभर ऱ्हायला तितं. तुमी सांगायचं न्हाई का ह्यास्नी?"

हसणं थांबलं. सगळी तोंडं तात्यांकडं वळली. तात्यांचे कान लाल झाले होते. हात मांडीवर. ब्रह्मदेशात गोळीबारात उभा राहिलेला हा माणूस एका ओल्या रुमालापुढं मान खाली घालून बसला होता.

आता मी जे केलं ते थोरपणानं केलं असं मला सांगता आलं असतं. खरं म्हणजे मला ते प्रकरण लवकर मिटवून शेवया यायला हव्या होत्या. मी तोंडातला रुमाल काढला नि म्हणालो, "त्यांनी सांगितलं होतं हो. मीच ऐकलं नाही. भूक फार लागली होती."

हॉटेल पुन्हा हसलं, या वेळी बिनधास्त. माझ्यावर. रशीदभाई डोळे पुसत आत गेले.

तात्यांनी ते आत गेल्याची खात्री केली. मग टेबलाकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, म्या तितल्या हाटेलात कवा गेलोच न्हाई."

"म्हणजे?"

"मनाई हुती. जपानी मानसांत मिसळायचं न्हाई, त्येंच्या हाटेलात पाय ठेवायचा न्हाई. सायबाचा हुकूम. दारावर मनाईची पाटी मारलेली. आन् आपली पोरं आत जाऊ नयेत म्हणून समोर पहारा. त्यो पहारा माझा."

मी रुमाल खाली ठेवला.

"वर्षभर समोर हुबा हुतो. निळा पडदा. आत एक म्हातारी. आतनं वास यायचा, कशाचा कुणास ठावं. तिच्याजवळ तरी काय असणार, सगळा मुलूख उपाशी. दुपारची पायरीवर बसायची. म्या बगतोय म्हटल्यावर एक दिस काड्या दावल्या तिनं. अशा धर म्हणून. म्या हिकडं दोन काटक्या घेतल्या. तिनं पायरीवर खडं मांडलं, म्या रस्त्याकडंला मांडलं. तिनं उचलायचं, म्या उचलायचं. बोलणं न्हाई, काय न्हाई. मधी रस्ता."

म्हणजे तात्या चुरमुरा आणि बुंदी एवढ्या सफाईनं का उचलत, ते मला तेव्हा कळलं. त्यांची सगळी शिकवणी खड्यांवर झालेली होती.

"निघायच्या दिशी," तात्या म्हणाले, "तिनं पडदा वर धरला. आत ये, आत ये, असं खुणावलं. आतनं वाफ येत हुती बगा. म्हंजी कुठनं तरी आणून काय तरी शिजवलंच हुतं तिनं." त्यांनी समोरची बशी बाजूला सारली. "म्या न्हाई गेलो. हुकूम हुता." मग एकदम, "गल्लीत बोलू नगा." मी शब्द दिला.

तेवढ्यात शेवया आल्या. लालभडक, वर तेलाचा तवंग. तात्यांनी काड्या काढल्या, आणि बुंदीची कळी उचलणाऱ्या त्या हातांना शेवई उचलेना. ती घसरायची, पुन्हा वाटीत पडायची, सदऱ्यावर शिंतोडे. खडे कधी घसरले नव्हते. शेवटी तात्यांनी वाटीच तोंडाला लावली आणि असा भुरका मारला की रशीदभाई आतून बाहेर आले.

"कसं हाय तात्या? असली?"

तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मसाला जबर होता, हे मला मान्य करायला हवं.

"असली," तात्या म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वास जरा येगळा हाय. पर पडदा धरलासा, तवाच वळखलं."

निघताना त्यांनी शेवयांचा डबा भरून घेतला. अनसाक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या मंडळींसाठी. घरी आल्यावर तात्या पाय धुवायला मागं गेले. अनसाक्कांनी डबा उघडला, बोटानं एक शेवई उचलून चाखली, नि म्हणाल्या, "ह्या तर शेवया हाईत. ह्यात गूळ का न्हाई घातला?" मग माझ्या सदऱ्यावरचा चटणीचा ओघळ बघून विचारलं, काय झालं.

मी सगळं सांगितलं. फक्त तात्यांनी सांगितलेलं सांगितलं नाही. शब्द दिला होता. "त्यांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही," हेच पुन्हा म्हणालो.

अनसाक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मागं पाणी पडत होतं. त्यांनी आवाज उतरवला.

"मास्तर, लगीन झालं त्या म्हैन्यात सांगितलंय त्येंनी मला, म्हातारीचं. झोपंत अजून म्हंत्यात, येतो, येतो म्हणून. नळावर सगळ्या बायास्नी म्याच सांगून ठिवलंय, की कुणी त्येंना उलटं इचारू नगा, सांगत्यात ते ऐकून घ्या. आक्खी गल्ली ऐकून घेती." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पर खरं मानून रुमाल चावणारं येडं तुमीच एकलं निगालासा."