सुर्वेकाकांची आगबोट कंपनी

ज्या आखाती देशात बारा महिने वाहणारी नदी औषधालाही सापडत नाही, तिथे बसून आमचे सुर्वेकाका नदीतल्या आगबोटी बांधणाऱ्या एका कंपनीचा इतिहास लिहितात. इथल्या हमरिया वस्तीतल्या दोन खोल्यांत गेली सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर राहतो. म्हणजे त्यांचा टायपिस्ट मी, आणि एकुलता एक वाचकही मीच.

साठीला टेकलेले काका दिवसा एसीचे डक्ट बसवणाऱ्यांचे फोरमन. संध्याकाळी आंघोळ करून, गंध लावून समोर बसतात. "घे, प्रकरण नववं. बॉयलर." तिकडे भाजी करपते, पुण्याहून माझ्या बायकोचा फोन वाजत राहतो. "थांब रे, मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे!" मुद्दा आजतागायत पुढेच आहे.

कंपनी मुंबईची, कधीच बंद पडलेली. कुठल्या बोटीला किती फूट पाणी लागायचं, कुठला साहेब कुणाच्या वशिल्याने चिकटला, सगळं यांना पाठ. गेल्या गणपतीत आरतीनंतर कुणीतरी भिडेखातर यांना पाच मिनिटं बोलायला दिली. पाऊण तास झाला तरी बोटीचा सांगाडाही उभा राहिला नव्हता. खास मोदकांसाठी लांबच्या इब्री गावाहून आलेला दुकानदार मलाच म्हणाला, "भाई, इनको बोलो ना, खलास!"

मागच्या शुक्रवारी काकांनी मला किनाऱ्यावरच्या सहम गावी गाडी काढायला लावली. तिथे मासेमारीच्या होड्या दुरुस्त करणारे पावसकर मिस्त्री राहतात. त्यांचे वडील त्याच कंपनीत सुतार होते. दोन तास मी गाडी चालवली आणि काकांनी तोंड.

मिस्त्रींनी पेटीतून एक फोटो काढला. नव्या आगबोटीसमोर कंपनीची माणसं. खाली नावं, पण फक्त खुर्च्यांवरच्या साहेबांची. काकांनी शेवटच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवलं.

"हे आमचे आबा."

चारशे पानं टाइप केली, आणि यांचे वडील तिथे होते हे मला ठाऊक नाही!

"बोटीच्या पत्र्यांना रिबिट मारायचे," काका म्हणाले. "मी सात वर्षांचा असताना गेले. कंपनीच्या एकाही कागदावर नाव नाही रे. सगळे धुंडाळले."

मिस्त्रींनी चष्मा लावला. "पण सुर्वे, हा माणूस फोटो काढताना हललाय. चेहरा कुठाय?"

"मान बघा ना. डावीकडे कललेली. तशीच होती."

"मग पुस्तकात का नाही घातलंत त्यांना?" मी जवळजवळ ओरडलोच.

"इतिहास आहे तो. पुराव्याशिवाय कसं घालणार?"

या माणसापुढे डोकं आपटावं तेवढं थोडं! मी तिथेच, होड्यांच्या फायबरच्या धुळीत, लॅपटॉप उघडून बसलो. "पूर्ण नाव सांगा."

काकांनी फोटोवरची धूळ बाहीने पुसली.

"गोविंद लक्ष्मण सुर्वे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण खाली टीप टाक हां. लिही... मुलाने ओळखले."