जर्मनीचं काही खरं नाही

लिमयेकाका कुणाच्याही घरी गेले की "कसे आहात" असं विचारत नाहीत. दार उघडलं की पायपुसण्यावर बूट घासता घासता ते म्हणतात, "जर्मनीचं आता काही खरं नाही." मग आत येतात.

डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकनमध्ये आमची वसाहत आहे. सगळी घरं इतकी सारखी की नवा माणूस हमखास दुसऱ्याच्या दारात किल्ली घालतो. त्यात मराठी घरं बरीच. कुणी सॉफ्टवेअरमधलं, कुणी माझ्यासारखं औषधांच्या कारखान्यातलं. लिमयेकाका पत्नी गेल्यावर पुण्याचं घर बंद करून मुलीकडे, मृणालकडे, कायमचे राहायला आले. चार बॅगा आणल्या. त्यातल्या दोन जर्मन शब्दकोशांच्या, आणि एकीत जुना रेडिओ. रेडिओ इथे चालला नाही. जावयाने फोनवर जर्मन बातम्या लावून दिल्या, आणि वसाहतीच्या शांततेचं काही खरं राहिलं नाही.

माझी त्यांची पहिली भेट नीता, माझी बायको, गेली त्या आठवड्यातली. घरात माणसं बसली होती. कुणी पिठलं-भात आणला होता, कुणी नुसताच खांद्यावर हात ठेवत होतं. मृणालबरोबर एक उंच, वाकलेले गृहस्थ आले. समोरच्या खुर्चीत बसले. आणि म्हणाले, "बर्लिनमधली आघाडी मोडली. जर्मनीचं आता काही खरं नाही."

मृणाल पुटपुटली, "बाबा, प्लीज."

"अगं, मोडली म्हणजे मोडली. मी मोडली का?"

सगळे जमिनीकडे बघू लागले. कोणता पक्ष का फुटला, अर्थमंत्री काय म्हणाला, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. त्या आठवड्यात लोक माझ्याशी जे बोलले त्यातलं तेवढंच मी शेवटपर्यंत ऐकलं.

त्यानंतर ते दर रविवारी सकाळी येऊ लागले. मला "अहो सबनीस" म्हणतात, आणि मी त्यांच्यापेक्षा बराच लहान असूनही कधी अरे-तुरे करत नाहीत. बसले की आठवड्याभराचा ऱ्हास सांगतात. रेल्वे उशिरा धावते. अणुवीज केंद्रं बंद केली आणि आता वीज महाग म्हणून रडतात. मोटारीचे कारखाने बंद पडायला आलेत, कारण चिन्यांच्या गाड्या स्वस्त. पूल तपासायला कुणी नाही. गावोगावच्या पाववाल्यांची मुलं पाव भाजायला तयार नाहीत. परदेशी माणूस नको म्हणणारा पक्ष वाढतोय, आणि म्हाताऱ्यांची सेवा करायला परदेशी माणसाशिवाय कुणी नाही. यातलं रेल्वेचं दुःख सर्वांत मोठं. जर्मन गाडीला उशीर होणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. इथली बस कितीही उशिरा आली तरी त्यांचं काही म्हणणं नसतं. "आयरिश माणसाने कधी शब्द दिला होता? जर्मनांनी दिला होता."

गणपतीत वसाहतीच्या हॉलमध्ये आरती झाल्यावर अध्यक्षांनी ज्येष्ठ म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी गणपतीला नमस्कार केला आणि जर्मन रेल्वेवर बोलले. मोदक थंड झाले. एका छोट्याने आईला मोठ्याने विचारलं, "इज ही जर्मन?" काकांची नात इरा शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "नो, ही इज जस्ट सॅड, लाइक."

खरी गंमत अशी की काकांनी जर्मनी पाहिलेली नव्हती. पुण्यात त्यांनी आयुष्यभर जर्मन शिकवलं. त्यांच्या वर्गातून इंजिनियर गेले, नर्सेस गेल्या, एक आचारीही गेला. सगळे तिथून चॉकलेटं आणि नाताळची कार्डं पाठवत. काका मात्र आधी घराचे हप्ते, मग मुलीचं शिक्षण, मग आईचं आजारपण, असे राहतच गेले. त्यांच्या पाठ्यपुस्तकातल्या तिसऱ्या धड्यात ऱ्हाइन नदीकाठच्या एका छोट्या गावाच्या स्टेशनाचं चित्र होतं. त्या स्टेशनावर घड्याळ कुठे आहे, तिकीटखिडकी कुठे, बाकं किती, हे त्यांना पाठ होतं. तिथे ते कधी उभे राहिले नव्हते.

त्यांची एक सवय मात्र मला उमगत नव्हती. "जर्मनीचं काही खरं नाही" म्हटल्यावर ते थांबतात. मान थोडी तिरकी करून समोरच्याकडे बघत राहतात, वर्गात प्रश्न टाकून उत्तराची वाट बघावी तसे. आम्ही "हो ना काका, अवघड आहे" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मग बाकीचं सगळं सांगतात, पण चहा अर्धा ठेवून उठतात. मी साखर कमी करून पाहिली, आलं घालून पाहिलं. कप अर्धाच.

अनिकेत म्हणून एक तरुण आहे, त्याला कुठल्याही गोष्टीचं उत्तर येतं. त्याने एकदा मुद्दाम विरोध केला. "नाही काका, तुम्ही निर्यातीचे आकडे बघा. जर्मनी स्टिल सॉलिड आहे."

काका आशेने ऐकत होते. आकडे सुरू झाले तशी त्यांनी मान हलवली. "आकडे नकोत रे," म्हणाले, आणि उठले.

मृणालच्या शेजारचा डेक्लन कुंपणापलीकडून प्रत्येक वेळी म्हणे, "आह शुअर, इट विल बी ग्रँड," म्हणजे होईल सगळं ठीक. काका त्याच्याशी रोज बोलत. मी विचारलं, डेक्लन तर तुमच्या उलट म्हणतो, मग? "तो पावसालाही ग्रँड म्हणतो आणि कुत्रं मेलं तेव्हाही ग्रँड म्हणाला. ते मत नव्हे, सबनीस. पण माणूस चांगला आहे."

गेल्या वर्षी काकांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विमानप्रवास करायचा असेल तर आताच करा, पुढचं मी सांगू शकत नाही. मृणालने त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. "सबनीसकाका, त्यांना ते स्टेशन दाखवायचंय. नाहीतर मला आयुष्यभर लागून राहील."

काकांनी आधी चिक्कार फाटे फोडले. संप आहे. पूल बंद आहे. थंडी आहे. मग एका रविवारी ते नवा कोट घालून आले आणि "कसा दिसतो?" म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी जर्मनीची बातमी सांगितली नाही.

ठरल्या दिवशी पहाटे निघाले आणि दुपारच्या आत परत आले. मृणालकडे आता आयरिश पासपोर्ट. तो आल्यापासून ती युरोपभर हिंडते, व्हिसा ही वस्तूच विसरली. काकांचा पासपोर्ट भारतीय. त्यांना इथे राहायचं कार्ड आहे, पण ते आयर्लंडपुरतं, जर्मनीला वेगळा व्हिसा लागतो. आमच्यातल्या अर्ध्या घरांत आई-वडिलांच्या बाबतीत ही चूक कधी ना कधी झालेली आहे. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने त्यांना मायेने बाजूला घेतलं. मृणाल रडून रडून लाल झाली होती. काका मात्र खुशीत होते.

"अहो सबनीस, मला नाही म्हणाले! नियम म्हणजे नियम. जर्मनीत एक गोष्ट तरी शाबूत आहे."

व्हिसाच्या मुलाखतीला मीच त्यांना गाडीतून नेलं, मृणालला सुट्टी नव्हती. काकांनी टाय लावला होता. बॉल्सब्रिजमधून जाताना वकिलातींवरचे झेंडे ते ओळखून सांगत होते, आणि मधेच डोळे मिटून जर्मन वाक्यं घोळवत होते. पत्नी गेल्यापासून ते कुणाशीही जर्मन बोलले नव्हते, फक्त ऐकत होते, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. व्हिसाच्या खिडकीपाशी गेल्यावर त्यांनी एक लांबलचक, सुंदर वाक्य म्हटलं. मला अर्थ कळला नाही, पण ते सुंदर होतं हे कळलं. काचेपलीकडची मुलगी केरळची होती. ती गोड हसली. "सॉरी अंकल, आय हॅव नो जर्मन."

परतताना त्यांनी टाय सोडून खिशात ठेवला. मग म्हणाले, "दारातच जर्मन नाही. काही खरं नाही." आणि माझ्याकडे पाहिलं. मी गाडी चालवत होतो. म्हणालो, "हो ना काका."

व्हिसा मिळाला. ते गेले आणि चार दिवसांनी आले. रविवारी मी चहाचं आधण ठेवून वाट पाहिली. काका आले नाहीत. पुढच्याही रविवारी नाहीत. मग मीच गेलो.

दार मृणालने उघडलं. "बरे आहेत. म्हणजे तब्येतीने बरे आहेत. पण बातम्या लावत नाहीत आता."

"काय झालं तिथे?"

"काहीच झालं नाही, सबनीसकाका. गाडीला उशीर झाला, तेव्हा तर त्यांना आनंदच झाला असेल. ते स्टेशन पाहिलं. घड्याळ तिथेच आहे. बाबा सगळ्यांना तेच विचारत होते, म्हणजे तेच सांगत होते, जर्मनीचं काही खरं नाही म्हणून. टॅक्सीवाल्याला, हॉटेलच्या बाईंना, पाववालीला. आणि सगळे हो म्हणाले! प्लॅटफॉर्मवर एक आजोबा होते, त्यांनी तर वर स्वतःच्या आणखी तक्रारी सांगितल्या. मला आधी हसू येत होतं. शेवटी बाबा बोलेनासेच झाले."

काका मागच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. कोट अंगात होता. मी शेजारी बसलो. डेक्लन कुंपणापलीकडून "हाउ आर द मेन?" म्हणाला. काकांनी हात वर केला.

"गाव चांगलं आहे," ते म्हणाले. "चित्रापेक्षा लहान आहे."

"मृणाल सांगत होती, लोक तुमच्याशी सहमत झाले."

"सगळे." त्यांनी पँटची गुडघ्यावरची सुरकुती नीट केली. "शालिनी माझ्या संध्याकाळच्या वर्गात होती. बँकेत नोकरी करून यायची. पुढे आमचं लग्न झालं. घरात दहा माणसं, नवराबायकोने बोलायची सोय नाही. म्हणून आम्ही जर्मनमध्ये बोलायचो. भांडायचोसुद्धा. आईला वाटायचं आम्ही अभ्यास करतोय."

मी हसलो. तेही थोडे हसले.

"सकाळी रेडिओवर जर्मन बातम्या लागायच्या. तेव्हाही तिकडे काही ना काही मोडतच असायचं. भिंत होती, अणुबॉम्ब होते, मग भिंत पडली त्याचे घोळ. मी म्हणायचो, जर्मनीचं आता काही खरं नाही. आणि ती स्वयंपाकघरातून म्हणायची, अप्‌वार्टन उंट टे ट्रिंकन."

"म्हणजे?"

"वाट बघा, आणि तोवर चहा प्या. उतावळ्या माणसाला तसं म्हणतात. मग कप आणून ठेवायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही." त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "बातम्या खऱ्या आहेत हो, सबनीस. मी काही खोटं सांगत नाही. तेव्हाही खऱ्याच होत्या. त्या खऱ्या असताना ती तसं म्हणायची."

डेक्लन आत गेला. त्याच्या घरातला दिवा लागला.

"निवृत्त झालो की दोघं जाऊ असं ठरलं होतं. ते राहिलं. आता वाटलं, तिथे गेल्यावर कुणीतरी म्हणेल. एखादी म्हातारी तरी. त्यांचीच म्हण आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी मान तिरकी केली नाही. "कुणी म्हटलं नाही."

मी घरी आलो. नीता माझ्या कुठल्या वाक्याला काय उत्तर द्यायची ते आठवत बसलो. पुष्कळ आठवलं. माझी वाक्यं मात्र मी केव्हाच बोलायची सोडून दिली होती. काका आपलं वाक्य घरोघर घेऊन फिरत होते.

मी मृणालला फोन करून ते तीन-चार शब्द पुन्हा विचारून घेतले. तिला ते लहानपणापासून ठाऊक होते. म्हण म्हणून नव्हे, चहा झाला की ऐकू येणारा आवाज म्हणून. मी स्वयंपाकघरात भांडी घासताना ते म्हणून पाहत असे. जमत नव्हते.

बरेच रविवार कोरडे गेले. मग एका रविवारी बेल वाजली. काका दारात होते, वाळलेले. पायपुसण्यावर बूट घासले. आत यायच्या आधी, खाली बघूनच, सवयीने म्हणाले, "जर्मनीचं आता काही खरं नाही."

मी स्वयंपाकघराकडे वळलो होतो. पाठमोराच म्हणालो, "अप्‌वार्टन उंट टे ट्रिंकन."

मी चहा गाळला, कप आणून त्यांच्यासमोर ठेवला. काका कोट न काढताच बसले होते.

"उच्चार चुकला," ते म्हणाले. "ट्रिंकनचा र जिभेवर नाही. घशातून येतो."

"बरं."

त्यांनी कप उचलला, दोन्ही हातांत धरला. खिडकीबाहेर सगळी सारखी दारं बंद होती. माझ्याकडे न बघता, वर्गात सांगावं तसं ते म्हणाले, "पुन्हा म्हणा."