चावीवालीचा ग्लास

परवा मोबाईलवर एक बातमी वाचली. म्हणजे खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने वाचली आणि मी ऐकली, कारण माझे हात साबणाचे होते. म्हणे असं यंत्र निघालंय की ते माणसाचा नुसता चेहरा बघतं आणि त्याच्या मनात काय चाललंय ते सांगतं. सगळं दुकान थक्क झालं. मी आपला ब्रश फिरवत राहिलो. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय करतोय? माणूस खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधलं, आरशात एकदा बघितलं, की मला कळतं हा घरून भांडून आलाय की घरी जाऊन भांडणार आहे. शिक्षण माझं सातवीपर्यंत. पुढची शाळा माझ्याशिवाय चालली. पण चेहरा वाचण्यात मला कोणी नापास करून दाखवावं.

ही ऐट मी आज मारतोय खरा, पण चार महिन्यांपूर्वी ह्याच ऐटीपायी एका सरळ माणसाचा संसार मोडायला आला होता. तेच सांगतो.

माझ्या दुकानातला टीव्ही तेव्हा मुका. चित्र झकास, आवाज शून्य. स्पीकर बिघडला त्याच दिवशी मी मेहुण्याला फोन केला. तो टीव्ही-मोबाईल दुरुस्त करतो. म्हणाला, "दाजी, उद्या येतो." त्याच्या त्या उद्याला दोन वर्षं झाली. तोवर लोक नुसती चित्रं बघत बसायचे आणि विचारायचे, "काय म्हणाला रे तो?" मी सांगायचो. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, मग ती माझी ड्यूटीच झाली.

बातम्यांना तर आवाज लागतच नाही. चार चौकोनांत चार माणसं, चौघांची तोंडं एकदम उघडी. मी सांगायचो, "हा म्हणतोय मला बोलू द्या. बाकीचे तिघंही तेच म्हणतायत." एका गिऱ्हाइकाने घरी जाऊन तीच चर्चा आवाज लावून बघितली. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या पाया पडायचा बाकी राहिला. सिनेमातही तेच. हिरो हेलिकॉप्टरला लटकलाय, खाली दरी आहे, आणि डोक्यावरचा एक केस हलत नाही. आता ह्यात तो काय बोलतोय ते कोणाला ऐकायचंय? लोक मला विचारायचे, "क्रीम कुठलं असेल?"

पण खरी गर्दी दुपारी दोनला. तेव्हा एक मालिका लागायची. मोठं घर, चाकाच्या खुर्चीत बसलेला एक म्हातारा, कमरेला चाव्यांचा जुडगा लावलेली एक बाई आणि चष्मा लावलेला एक माणूस. त्यांची खरी नावं कोणालाच माहीत नव्हती. आम्ही म्हणायचो म्हातारा, चावीवाली आणि चष्मेवाला. मी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, की चावीवाली ही म्हाताऱ्याची दुसरी बायको, चष्मेवाला तिचा साथीदार, आणि ती रोज दुधाच्या ग्लासात थेंब थेंब विष घालते. कशावरून? तर हसण्यावरून. म्हाताऱ्याने ग्लास तोंडाला लावला की ती अर्ध्या ओठाने हसायची. असं हसणारं गिऱ्हाईक मी ओळखतो. तो केस दुसरीकडे कापून येतो आणि मला नुसती मिशी सारखी करायला सांगतो.

माझी बायको ती मालिका घरी आवाजासकट बघायची. एकदा म्हणाली, "अहो, दुकानात काहीच्या काही सांगता म्हणे तुम्ही. ती तर त्याची..."

"सांगू नकोस," मी म्हटलं. "तू आवाज ऐकतेस, म्हणून फसतेस."

दोनच्या गर्दीत पहिला नंबर शेजारच्या शिंप्याचा. दोन ते तीन त्याचं मशीन बंद. तो माझ्याकडे येऊन बसणार, दाढी असो नसो. माणूस इतका सरळ, की कमरेचं माप घेताना समोरच्याचं पोट सुटलेलं निघालं तर लाज ह्याला वाटते. मी सांगेन ते तो असं ऐकायचा, जसं कोणी डॉक्टरचं ऐकतं.

त्याच्या घरी त्याचे वडील, आबा. पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. त्यांचं सगळं वहिनी बघतात, म्हणजे शिंप्याची बायको. घराच्या चाव्या त्यांच्याकडे. आबांना झोप लागावी, दुखू नये म्हणून डॉक्टरने थेंब दिले होते, ते रोज दुधातून द्यायचे. आता तुम्हाला लगेच दिसलं असेल. मला दोन वर्षांत दिसलं नाही. मी बापडा टीव्हीकडे बघत होतो.

एके दिवशी गालाला फेस लावलेला असताना शिंप्याने विचारलं, "काय रे, त्या विषाला वास येतो का?"

मला माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही. म्हटलं, "थोडा येतो. भिजलेल्या लाकडासारखा."

"आणि रंग?"

"पिवळसर."

"थेंब किती घालते?"

"सहा." तोंडात आलं ते सांगितलं. पाच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तो फेसाच्या आतून टीव्हीकडे बघत राहिला. मला वाटलं, मालिकेत रंगलाय.

त्यानंतर त्याचं काहीतरी बिनसलं. मशीनवर बसल्या बसल्या पेंगायला लागला. एका शर्टाची बाही त्याने गळ्याला लावली. गिऱ्हाइकाने तो शर्ट घालून दाखवला, तर बिचारा हत्तीसारखा दिसत होता. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव." तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की ह्याला सगळं माहीत असून हा असं कसं बोलतो.

पंधरा दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. माझ्या दुकानात बायका येत नाहीत. बाकावरचे लोक ताठ बसले.

"भावोजी, जरा बाहेर या."

बाहेर गेलो.

"ह्यांना काय झालंय?" त्या म्हणाल्या. "रोज आबांच्या दुधाचा वास घेतात. मग अर्धा ग्लास स्वतः पितात. मग घड्याळ लावून बसतात, पाव तास. स्वतःला काही झालं नाही तर उरलेलं गार दूध आबांना देतात. आणि झोप येते म्हणून माझ्याकडे संशयाने बघतात. झोपेचे थेंब आहेत ते, दुसरं काय येणार?"

वास माझा, थेंबही माझेच.

"काल कपाटाच्या चाव्या मागितल्या. वर विचारतात, 'ह्यात तुझा फायदा काय?' अकरा वर्षं झाली मला ह्या घरात. आबांना उठवते, बसवते, पुसते. आणि मला फायदा विचारतात." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "उद्या तीनच्या गाडीने मी भावाकडे चाललेय. कायमची. पण एवढं कळू द्या, ह्यांच्या डोक्यात हे भरवलं कोणी?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "वहिनी, उद्या दुपारपर्यंत थांबा. बघतो मी."

रस्ता सोपा होता. ज्याने चावीवालीला वाईट केलं, त्याला तिला चांगलं करायला किती वेळ लागतो? दोनला मालिका, दोन दहापर्यंत चावीवाली देवमाणूस, तीनच्या आत शिंपी घरी. कबूल करायची गरजच नाही.

दुसऱ्या दिवशी दोनला शिंपी खुर्चीत. बाकावर एक रिक्षावाला, तोही रोजचाच. मी चष्मा लावला, फेस केला, वस्तरा उघडला. टीव्हीवर चावीवाली आली. तिने ग्लास घेतला, छोटी बाटली काढली आणि मागे वळून बघितलं. नेमकं आजच तिला मागे वळून बघायचं होतं.

"बघ," मी म्हटलं, "किती मायेने औषध देते."

"काल विष होतं," शिंपी म्हणाला.

"डॉक्टर बदलला."

"मग मागे वळून का बघितलं?"

"मांजर आलं की काय ते बघितलं. दूध आहे ना."

रिक्षावाला बाकावरून म्हणाला, "आणि हसली ती? अर्ध्या ओठाने?"

"दात दुखत असेल तिचा."

"तुम्हीच सांगितलंय, अर्ध्या ओठाने हसणारं माणूस..."

"तू मोबाईल बघ."

शिंपी आरशातून माझ्याकडे बघत होता. एक गाल साफ, एक गाल फेसात. "काल ती तुझ्याकडे आली होती," तो हळू बोलला. "दहा मिनिटं बाहेर उभे होतात तुम्ही दोघं. मला काजं करताना दिसत होतं. आणि आज तुझी चावीवाली एकदम चांगली झाली."

मग त्याने माझ्या चष्म्याकडे बघितलं. मग वस्तऱ्याकडे. आणि मान हळूच बाजूला घेतली.

मालिका मी सांगितली आणि चष्मेवालाही मीच झालो.

मी काही बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "दाजी, आलो एकदाचा." मेहुणा. काखेत स्पीकरचं खोकं.

"आज नको," मी म्हटलं.

"दोन वर्षं बोंब मारताय, आणि आज नको?"

"उद्या ये."

"उद्या मला जमणार नाही," असं म्हणून तो स्टुलावर चढलासुद्धा. मी टीव्हीसमोर उभा राहिलो, तर त्याने हात मागून घालून वायर लावली. दुकानात पहिल्यांदा आवाज आला. तोही असा की कंगवे थरथरले.

चावीवाली बोलत होती. "बाबा, मी तुमची मुलगी आहे. तुम्हाला माझा संशय येतो ना? मग आधी मी पिते." आणि तिने घोट घेतला.

चष्मेवाला म्हणाला, "काका, तुमचा डॉक्टर म्हणून सांगतो. दोन वर्षं तुमच्यासाठी ही धड जेवली नाही."

"मुलगी?" रिक्षावाला म्हणाला.

सलूनमध्ये माणसं एकमेकांकडे सरळ बघत नाहीत, आरशातून बघतात. सगळे आरशातून माझ्याकडे बघत होते. मेहुणासुद्धा, स्टुलावरून. तो विचारत होता, "आवाज अजून वाढवू?"

"मला काही माहीत नव्हतं," मी शिंप्याला म्हटलं. "चेहरे बघून सांगत होतो."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"आणि ते सहा थेंब?"

"पाच म्हणणार होतो."

"डॉक्टरने सहाच लिहिलेत रे," तो म्हणाला. घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजून गेले होते. तो उठला आणि तसाच पळाला. गळ्यात कापड, एक गाल फेसाचा. मी त्याच्या मागे. भर दुपारी रस्त्यावरून एक माणूस फेस उडवत पळतोय आणि मागे चष्मेवाला उघडा वस्तरा घेऊन. वस्तरा हातात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, लोक आज फार समजूतदारपणे वाट देतायत.

वहिनी दारात होत्या. बॅग भरलेली, चप्पल पायात.

शिंप्याला धाप लागली होती. "चुकलं माझं," एवढंच बोलला. फेसाचा एक गोळा हनुवटीवरून बॅगेवर पडला.

"कोणाचं ऐकून केलंत हे?"

त्याने मागे न बघता माझ्याकडे बोट केलं.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "आधी तो वस्तरा मिटवा."

मिटवला. मग सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यातल्या निकालापासून. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण काही लागेना. शेवटी त्यांनी बॅग उचलली, आणि माझं काळीज तीनच्या गाडीत बसलं. पण त्या बॅग घेऊन आत गेल्या. आतून म्हणाल्या, "आजपासून दूध तुम्ही द्यायचं हो. मोजून सहा. वास न घेता." हे नवऱ्याला. "आणि भावोजी, रोज दुपारी दोन ते तीन तुम्ही आबांजवळ बसायचं. त्यांची दाढीही करायची. मला तेवढा एक तास पडता येईल."

दोन ते तीन. मालिकेचाच तास निवडला. पण मी चुपचाप मान हलवली. संसार वाचला होता. दोनची गर्दी गेली तर गेली.

दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलो. आबा खुर्चीत, समोर टीव्ही, आणि टीव्हीवर तीच मालिका. आवाज नाही. आबांचे कान कधीचेच गेलेत, म्हणून घरात आवाज कोणी लावत नाही. मी फेस लावायला लागलो, तर आबांनी माझा शर्ट धरून मला खाली ओढलं आणि कानात म्हणाले, "त्या चावीवालीवर लक्ष ठेव. दुधात काहीतरी घालते."

"आबा, मुलगी आहे ती त्याची," मी ओरडून सांगितलं.

"हो ना," आबा म्हणाले, "तो चष्मेवाला पण सामील आहे."

तेवढ्यात वहिनी आल्या. माझ्यासाठी चहा आणला होता. कप समोर ठेवला, माझ्याकडे बघून अर्ध्या ओठाने हसल्या आणि पडायला आत गेल्या.

चहा मी प्यायलो. जरा गार होऊ दिला, एवढंच.