नानांचे वांगे आणि माझी भेट

मेहरूणमधल्या आमच्या इमारतीत रोज संध्याकाळी एक वांगे शेजारच्या दारातून निघून आमच्या स्वयंपाकघरात येत असे. हिरवे, भरताचे, तान्ह्या मुलासारखे कुशीत धरलेले. धरणारे नाना शिरपूरचे निवृत्त शिक्षक. पत्नी गेल्यावर मुलाने त्यांना येथे घर घेऊन दिले आणि पुण्याला परतताना, काळजीपोटी, गॅस काढून इंडक्शनची शेगडी बसवली.

नानांनी तिला अद्याप मान्यता दिलेली नव्हती. ते वाकून पातेल्याखाली ज्योत शोधत. "जी आग दिखस नही, तिन्हावर इसवास कसा ठेवू, भाऊ?" अ‍ॅल्युमिनियमचे पातेले ठेवले की शेगडी टूं-टूं करून नकार देई. "पोर पसंत कराले येल पाहुनीसारखी मन्हा भांडास्ले नावं ठेवस!" वांग्याची तर ती दखलही घेत नसे.

आमच्या गॅसवर मात्र नाना देठ धरून वांगे थेट ज्योतीवर फिरवीत. साल फुटे, रस बर्नरमध्ये गळे. माझी पत्नी तो बर्नर निमूटपणे घाशी. मी अत्यंत सभ्यपणे वैतागत असे. मग नाना वांग्याचे दोन भाग करीत आणि मोठा आमच्यापुढे सरकवीत. "हाई तुमनं. मन्हं पोट ल्हानं शे."

मी शांत स्वभावाचा समजला जातो, म्हणून भांडलो नाही. धुळ्याहून तारेची विजेची शेगडी आणि वर ठेवायची जाळी आणून नानांना भेट दिली.

"हिची तार लालबुंद दिसते, नाना. आता वांगे घरीच भाजा."

नानांनी जाळीवरून बोट फिरवले. "बठ्ठं सोपं करी टाकं तुम्हीन," म्हणाले. सगळे सोपे केल्याबद्दलचे ते आभार, असे मी समजलो.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. बर्नर लखलखीत राहिला. आठवडाभराने पत्नीने मला त्यांच्याकडे पाठवले. "भरीत आवडत होतं तुम्हाला," एवढेच ती म्हणाली.

नाना ताटासमोर बसले होते. वांगे भाजलेले, सोललेले, अख्खे.

"नीट भाजत नाही का?"

"मस्त भाजाई जास." त्यांनी मान वर केली नाही. "पन भाऊ, अर्धं कोनले दिऊ?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"नाना, शेगडी मी तुमच्यासाठी आणली नव्हती. तुम्ही येऊ नये म्हणून आणली होती. चुकलो मी. मला माफ करा."